चेंबर नंबर नऊ, आवाज ठीक

आमच्या मामांना स्वतःच्या बायकोचं बोलणं ऐकू येत नसे. पण भिंतीपलीकडच्या वीजकेंद्रातल्या पंपाच्या पोटात वाळूचा एक कण गेला, तरी त्यांचा घास हातातच थांबे.

"दोन नंबर रडतोय," म्हणत ते भरल्या ताटावरून उठत.

"मी पस्तीस वर्षं रडतेय," मामी आतून म्हणे. "माझ्यासाठी कधी उठला नाहीत!"

"तुझं बेअरिंग मजबूत आहे गं!" एवढं बोलून मामा चपला शोधायला लागत. चपला पायातच असत.

मामा कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रात यंत्रतपासनीस होते, श्रेणी दोन. श्रेणी एक मिळायला लेखी परीक्षा होती, आणि मामांचं समग्र लेखन दोन शब्दांत मावत होतं. यंत्र तपासायचं, रजिस्टर उघडायचं, यंत्राचा नंबर घालायचा आणि पुढे लिहायचं, "आवाज ठीक." बिघाड असला तर लिहायची भानगडच नसे. ते सरळ फोरमनसमोर जाऊन उभे राहत आणि बोटानं दाखवत, हे उघडा. उघडलं की आत बिघाड असेच. एकदा साहेबांनी परदेशातून एक तपासणी यंत्र मागवलं. त्या यंत्राच्या खोक्याला कान लावून मामा म्हणाले, "याचाच पंखा गेलाय." खरोखर गेला होता.

त्यांचं हत्यार म्हणजे हातभर लांबीची एक पोलादी सळई. तिच्या एका टोकाला लिंबाएवढा लाकडी गोळा. सळईचं टोक यंत्रावर टेकवायचं, गोळा कानाच्या मागच्या हाडावर धरायचा आणि डोळे मिटायचे. मग पाच मिनिटं कुणी त्यांच्या पायावर ट्रक घातला असता तरी मामा हलले नसते. यावरून सगळी कॉलनी त्यांना 'डॉक्टर' म्हणायला लागली. कॉलनीच्या दवाखान्यातल्या खऱ्या डॉक्टरांचं टपाल आमच्या घरी यायचं आणि मामा ते मोठ्या अदबीनं परत नेऊन द्यायचे, एका व्यावसायिकानं दुसऱ्याला द्यावं तसं.

या नावाला खरोखर फसली ती एकटी मधवाली.

वीजकेंद्राच्या मागे डोंगर होता आणि डोंगरावर मूळची माणसं राहत होती. मूळची म्हणजे वीजकेंद्राच्या, कॉलनीच्या, रस्त्याच्याही आधीची. सरकारी कागदात त्यांना 'मूळ रहिवासी' म्हणत आणि कॉलनीत 'वरची माणसं'. वीज त्यांच्या पायथ्याशी तयार होई आणि तारा त्यांच्या डोक्यावरून जात. त्यांच्या घरात मात्र दिवा लागला तो आमच्या कॉलनीनंतर बावीस वर्षांनी. मधवाली ही त्यांच्यातली. वय पन्नाशीच्या पुढे, अंग काटक आणि जीभ धारदार. दर आठवड्याला ती मधाच्या बाटल्या घेऊन उतरायची आणि मामीच्या पायरीवर बसून जगाची उणीदुणी काढायची. ऐन उन्हाळ्यातल्या एका दुपारी तिनं मामांसमोर पाय लांब केला.

"डॉक्टर, गुडघा बघा."

मामांनी खुलासा करायला हवा होता. पण इतक्या विश्वासानं त्यांना आजवर कुणी काही दाखवलं नव्हतं. त्यांनी सळई आणली, टोक हलकेच गुडघ्याला लावलं आणि गोळा कानामागे धरला. "हलवा जरा. आता वाकवा." दोन मिनिटांनी निदान झालं. "बेअरिंग सुकलंय. चढ कमी करा, रोज तेल लावा आणि थंडीत फडकं बांधा."

महिनाभरानं मधवाली बिनमोलाची बाटली घेऊन आली. गुडघा निम्म्यानं बरा होता. मामीनं तिला कपाळाला हात लावून सांगितलं, "अगं बाई, हे डॉक्टर नाहीत, पंप बघतात!" त्यावर ती म्हणाली, "माणूस काय, पंपच की." त्या दिवसापासून तिच्यासाठी मामांचा कान हा शेवटचा शब्द झाला. मामाही त्या दिवशी जरा छाती काढून चालले. कामगाराचं कौतुक फक्त निवृत्तीच्या दिवशी करायची आपल्याकडची रीत, आणि तो दिवस यायला अजून सात-आठ वर्षं होती.

आता राखेच्या पाइपाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्या पाइपात आहे.

कोळसा जळला की राख उरते. ती पाण्यात कालवायची आणि पाइपातून दूरच्या राखतळ्यात ढकलून द्यायची. राख दिसायला मऊ, पण चालीला कानशीसारखी. पाइपाचा तळ ती आतून घासत राहते. म्हणून पाइप उघड्यावर ठेवतात आणि दर काही महिन्यांनी थोडा फिरवतात. तान्ह्या बाळाचं डोकं एका बाजूनं चपटं होऊ नये म्हणून आई त्याला कुशीवर वळवते ना, अगदी तसं. पण डोंगराच्या उतारावरचा एक टप्पा कुणा मोठ्या साहेबांना दिसायला बरा वाटेना, म्हणून तो जमिनीत गाडला. गाडलेला पाइप फिरवणार कसा? मग तिथे बारा ठिकाणी झाकणाचे खड्डे ठेवले. तेच चेंबर. दर महिन्याला मामांनी बाराही चेंबरांत सळई टेकवून ऐकायचं.

नववा चेंबर वरच्या माणसांच्या झऱ्यापासून पन्नास पावलांवर होता, आणि त्यात मधमाश्यांनी संसार थाटला होता.

पहिल्याच भेटीत मामांनी झाकण उचललं आणि माश्यांनी मामांना. घरी आले तेव्हा मामीनं दार उघडून विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?" डोळे नव्हते, नाक नव्हतं, गालांच्या मधे दोन ओठ तेवढे होते. त्या ओठांनी मामा म्हणाले, "अगं, मी." आठवडाभर ते भिंतीकडे तोंड करून जेवले.

त्यानंतर मामा आठवा चेंबर ऐकत, मग नवव्याला लांबून वळसा घालून दहावा ऐकत. दोन्हीकडे आवाज चांगला असे. मधला कशाला वाईट असेल? रजिस्टरात ते बाराही ओळी भरत. चेंबर नंबर नऊ, आवाज ठीक. अशी सहा वर्षं गेली. म्हणजे बहात्तर वेळा.

पाच वर्षं खरोखर ठीकच असावं. सहाव्या वर्षी मधवाली बाटल्यांबरोबर दोन रिकामे कॅन घेऊन उतरू लागली.

"नळाचं पाणी नेऊ का, वहिनी? झरा राखाडी झालाय. पोरांची पोटं दुखतात."

मामीनं नळ सोडला आणि संध्याकाळी मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "डोंगराची माती असेल." त्यानंतर मधवाली पायरीवर दिसली की मामा मागच्या दारानं कामावर जायला लागले. मामीला ते कळत होतं. पस्तीस वर्षांच्या संसारात तीसुद्धा ऐकायला शिकली होती. सळईशिवाय.

त्याच सुमाराला वीजकेंद्र बंद होणार असल्याची बातमी आली. जग तापत चाललंय आणि कोळसा जाळणं थांबवायला हवं, हे मामांना कुणी समजावून सांगायला नको होतं. जन्मभर बॉयलरशेजारी उभं राहिलेल्या माणसाला तापणं म्हणजे काय ते कळतं. प्रश्न एवढाच होता की बॉयलर विझल्यावर चारशे घरांच्या चुली कशावर पेटणार. वरून उत्तर आलं की डोंगराच्या उतारावर सौरवीज केंद्र उभारू आणि इथल्या लोकांना तिथे घेऊ. युनियनच्या सेक्रेटरीनं पेढे वाटल्यासारख्या चेहऱ्यानं ही बातमी कॉलनीभर वाटली. सेक्रेटरी माणूस मनानं चांगला होता. फक्त तो घरात मीठ मागतानासुद्धा मुठी आवळून मागायचा.

वरच्या माणसांनी मात्र नकार दिला. उतारावर त्यांची जनावरं चरत, त्यांचं मोहळाचं रान तिथे होतं आणि त्यांचे पूर्वज तिथेच पुरलेले होते. "एकदा तुमचा पाइप घातलात," ते म्हणाले, "आधी त्या झऱ्याचं बघा, मग उन्हाचं बोला."

झालं. चारशे घरं एकीकडे आणि डोंगर एकीकडे. कॉलनीत लोक म्हणू लागले, या लोकांना प्रगती नको. वर लोक म्हणू लागले, या लोकांना फक्त नोकरी हवी. दोघांचं भांडण लागल्यावर कागद हलवणारे साहेब अगदी निवांत झाले.

शेवटी वीजकेंद्राच्या कॅन्टीनमध्ये सगळ्यांची बैठक ठरली. बाकांच्या एका बाजूला कामगार बसले, दुसऱ्या बाजूला वरची माणसं आणि मधल्या टेबलावर साहेब. मामांच्या निवृत्तीला दोन महिने होते. ते सगळ्यात मागे, चहाच्या पिंपाला टेकून उभे होते.

वरच्या माणसांच्या वतीनं मधवाली उठली आणि तिनं एक बाटली टेबलावर ठेवली. मधाचीच बाटली, पण आत झऱ्याचं पाणी. तळाला बोटभर राखाडी गाळ बसला होता.

साहेबांनी बाटलीकडे पाहिलं नाही. त्यांनी रजिस्टर उघडलं. "पाइप गळत असता तर इथे नोंद असती. ऐका. चेंबर नंबर नऊ, आवाज ठीक. पुढचा महिना, आवाज ठीक. त्याच्या पुढचा, आवाज ठीक." बरीच पानं उलटून त्यांनी मान वर केली. "आणि ही नोंद कुणाची? आपल्या डॉक्टरांची! या माणसाचा कान आजवर चुकलेला नाही. बरोबर ना?"

कामगारांच्या बाजूनं टाळ्या पडल्या. सेक्रेटरीनं तर बाक वाजवला. अख्ख्या नोकरीत मामांसाठी वाजलेल्या त्या पहिल्या टाळ्या. मामा पिंपाच्या तोटीकडे बघत राहिले.

मधवालीनं वळून त्यांना शोधलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती गोंधळली होती.

"डॉक्टर, तुम्ही ऐकलं होतं? तुमच्या कानानं?" ती थांबली आणि हळूच बाटली उचलू लागली. "मग आमचंच काही चुकत असेल. राख दुसरीकडून कुठून येत असेल."

ती भांडली असती तर मामा गप्प बसले असते. भांडणारी माणसं त्यांनी खूप पाहिली होती. पण ही बाई त्यांच्या कानावर विश्वास ठेवून स्वतःचे डोळे खोटे ठरवायला निघाली होती.

"बाटली ठेवा," मामा म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, "मी तिथे गेलोच नाही."

"म्हणजे?" साहेब म्हणाले.

"नऊ नंबरला. सहा वर्षं. तिथे मधमाश्या आहेत आणि मला त्यांची भीती वाटते."

कॅन्टीनमध्ये आधी हशा झाला. डॉक्टर मस्करी करतायत, असंच सगळ्यांना वाटलं. मग मामांच्या चेहऱ्याकडे बघून एकेक जण हसायचा थांबला.

सेक्रेटरी धावत मागे आला आणि दात आवळून म्हणाला, "अहो मामा, दोन महिने राहिलेत! गप्प बसून काढा की. झऱ्याची चौकशी लागली तर सौर केंद्र लांबेल. पोरांच्या नोकऱ्या जातील, कळतंय का?"

"कळतंय," मामा म्हणाले. "पण त्यांची पोरंसुद्धा पोरंच आहेत ना?"

"खोट्या नोंदीबद्दल काय होतं, ठाऊक आहे?" साहेबांनी विचारलं.

"ठाऊक आहे, साहेब. लिहून घ्या. पण उद्या पंप चालू असताना सगळे वर चला. आधी ऐका, मग लिहा."

घरी आल्यावर मामीनं चहा ठेवला. मामांनी बशी हातात घेतली, तेव्हा म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा दोनापेक्षा जास्त शब्द बोललात. कॉलनीभर झालंय."

"नाव गेलं गं."

"जाऊ दे. तसंही डॉक्टर तुम्ही नव्हतातच." मग ती मच्छरदाणी आणि कात्री घेऊन बसली. तासाभरात तिनं मामांच्या टोपीला चहूबाजूंनी जाळी शिवली. "घाला बघू. हां. आता कसे, झाकलेल्या ताटासारखे दिसताय."

दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मी कॉलनी डोंगर चढली. पुढे साहेब, त्यांच्यामागे हाताची मूठ कुठे ठेवावी ते न कळलेला सेक्रेटरी, आणि मधे झाकलेल्या ताटासारखे मामा. नवव्या चेंबरपाशी मधवाली जाळीबिळी न घेता उभी होती. तिच्या हातात धुमसणारी गवताची पेंडी होती.

"जाळी कशाला? माझ्या पोरी गरीब आहेत."

"तुमच्या पोरींनी मला एकदा पाहिलंय," मामा म्हणाले.

तिनं झाकणाच्या फटीत धूर सोडला, माश्यांशी काहीतरी पुटपुटली आणि झाकण सरकवलं. माश्या सुस्तावून वर आल्या आणि बाजूच्या झुडपावर जाऊन बसल्या. मामा गुडघ्यांवर बसले. गोळा कानामागे लागेना, मधे जाळी येत होती. एक क्षण विचार करून त्यांनी टोपीसकट जाळी काढून बाजूला ठेवली. एक माशी त्यांच्या मानेवरून चालत गेली. मामा हलले नाहीत. डोळे मिटून त्यांनी सळई पाइपावर टेकवली.

पाच मिनिटं झाली, सात झाली. मामांनी डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते. त्यांनी सळई मधवालीच्या हातात दिली आणि गोळा कुठे धरायचा ते दाखवलं.

तिनं ऐकलं. "कुणीतरी दातांच्या फटीतून श्वास घेतंय," ती म्हणाली.

"पाइपाचा तळ फाटलाय. वर्ष तरी झालं असेल."

मग सेक्रेटरीनं ऐकलं आणि तो गप्प झाला. सेक्रेटरी गप्प झाल्याचं कॉलनीनं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. शेवटी साहेबांनी गोळा रुमालानं पुसून कानाला लावला. ऐकून झाल्यावर त्यांनी तो पुन्हा पुसला. साहेब म्हणजे साहेबच!

सगळे तिथेच दगडांवर बसले. बैठकीत नसतं तसं बोलणं अशा वेळी निघतं. मधवाली सेक्रेटरीला म्हणाली, "आम्ही उन्हाला नाही म्हटलं नाही, दादा. उताराला नाही म्हटलं. तुमची विजेची तावदानं उन्हातच मांडायची ना? मग तुमच्या राखेवर ऊन पडत नाही काय? तिथे तर गवतही उगवत नाही."

"राख मऊ असते," साहेब म्हणाले. "खांब धरत नाही."

यावर पाइप फिरवणारे चार-पाच फिटर एकदम हसले. "साहेब, राखतळ्याचा उत्तरेचा सगळा भाग कधीच सुकून दगड झालाय. आम्ही वर्षानुवर्षं त्यावरून पाइपांचे ट्रक नेतो. कुठे मऊ, कुठे घट्ट, डोळे बांधून सांगू."

"मग आजवर सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलं?"

सेक्रेटरी उठून उभा राहिला. सवयीनं त्याची मूठ वर गेली होती, पण या वेळी बोलला तो हळू. "पाइप उकरायला माणसं लागतील. झरा साफ करायला लागतील. राखेवर माती पसरायची, खांब रोवायचे. म्हणजे काम इथेच आहे की! डोंगर न घेता."

"मग तसं लिहून घ्या," मधवाली म्हणाली. "आणि उतारावर काहीही करायचं तर आधी आमच्या सभेला विचारायचं, तेही लिहा. पुसायच्या शाईनं नको."

हे एका सकाळीत झालं नाही. कागद व्हायला अकरा महिने गेले. त्यात तीनदा मोर्चा निघाला, आणि तिसऱ्या मोर्च्यात कॉलनी आणि डोंगर एकत्र चालले. सेक्रेटरी घोषणा देई आणि मधवाली त्या दुरुस्त करी. कंत्राटी कामगारांपैकी चाळीस जणांना अजून कुठेच घेतलेलं नाही आणि त्यांच्यासाठीचं भांडण चालूच आहे. पण पाइप उकरला गेला. उतार डोंगराच्या लोकांकडेच राहिला. राखतळ्यावर माती पसरून पहिली तावदानं उभी राहिली तेव्हा त्यांच्याखाली उभे असलेले निम्मे लोक खालचे होते आणि निम्मे वरचे. सगळे सारखेच तापलेले.

मामांची चौकशी झाली. दोन महिन्यांसाठी त्यांना श्रेणी दोनवरून श्रेणी तीनवर उतरवलं आणि तिथूनच ते निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्याचा काटा अजिबात टिकटिक करत नाही. मामांनी सळई लावून खात्री करून घेतली.

त्यानंतर बॉयलर विझले, पंप थांबले आणि कॉलनीत इतकी शांतता झाली की मामांना घास गिळता येईना. एका सकाळी मधवाली आली. या खेपेला तिच्या हातात कॅनांबरोबर एक नवं कोरं रजिस्टर होतं.

"आमच्या सभेनं ठरवलंय. दर महिन्याला झऱ्याची नोंद ठेवायची. लिहायला तुम्ही यायचं."

"मी?" मामा म्हणाले. "माझ्या नोंदीवर तुमचा भरवसा आहे?"

"आता चुकणार नाही तुम्ही. परत त्या कॅन्टीनमध्ये उभं राहवेल का तुम्हाला?"

तेव्हापासून मामा दर महिन्याला डोंगर चढतात. जाताना पाण्यानं भरलेला एक कॅन मधवालीच्या हातात असतो आणि एक मामांच्या. तिचा गुडघा आणि मामांचा दम यांची वाटेत कुठल्या दगडावर थांबायचं यावरून दर खेपेला तक्रार असते. नवव्या चेंबरचा खड्डा आता बुजवलाय. माश्या शेजारच्या खडकात राहायला गेल्यात. मामा तिथून जाताना टोपी काढतात. भीतीनं की आदरानं, ते विचारू नये.

झऱ्यापाशी ते खडकावर सळई टेकवून बराच वेळ ऐकतात. पण लिहीत मात्र नाहीत. ते मधवालीकडे बघतात. पहिले सात महिने ती पाण्यात बोट बुडवून उन्हात धरी आणि नुसती मान हलवी. मामा लिहीत, "अजून नाही."

परवा तिनं ओंजळ भरून घेतली. तिनं ती प्यायली नाही. डोळे मिटले आणि पाणी तोंडावर मारलं.

"काय लिहू?" मामांनी विचारलं.

ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "लिहा. तोंडाला लागलं, पोटात नाही."

मामांनी तसंच, एकेक अक्षर जपून लिहिलं. मग टोपी डोक्यावर ठेवून त्यांनी भरलेले कॅन तिच्या दारापर्यंत नेऊन ठेवले आणि रिकामे घेऊन ते उतरले. कॅन पुढच्या महिन्यातही लागणार होते.